लाल म्हणजे हिरवं

कंडक्टरकडे सुट्ट्या पैशांचे किस्से असतात, पोस्टमनकडे चुकलेल्या पत्त्यांचे. आम्ही उपग्रहाची चित्रं वाचणारे लोक, आमच्याकडे रंगांचे साचतात. मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. आमच्या चित्रातले रंग खरे नसतात आणि बघणाऱ्या प्रत्येकाला ते खरेच वाटतात, एवढं एक कारण पुरतं!

जमिनीच्या चित्रात हिरवं शेत लाल दिसतं. आपल्या डोळ्यांना न दिसणारा एक प्रकाश उपग्रहाला दिसतो. हिरव्या पानावरून तो भरपूर परततो आणि कॉम्प्युटर त्याला लाल रंग देतो. म्हणजे जितकं लाल तितकं हिरवं. ढगांच्या चित्रात आणखी वेगळी तऱ्हा. तिथे ढगाचा माथा जितका गार तितका रंग भडक. बर्फाळ ढग स्क्रीनवर निखाऱ्यासारखा लाल! हे सगळं नीट समजावून सांगितलं की पाहुणा मान डोलावतो, चहाचा घोट घेतो आणि विचारतो, "मग ही आग कुठे लागलीय?"

आमचं केंद्र जळगावात, पण जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्हे आमच्याच गळ्यात. खोलीत आम्ही तिघं. भंगाळे सर सगळ्यात सीनियर, रावेरकडचे, घरी केळीची बाग. बोरसे शिंदखेड्याकडचा, वयाने लहान आणि तोंडाने फटकळ. तिसरी मी. पलीकडच्या केबिनमध्ये साहेब. साहेब बदलत राहतात, त्यामुळे पुढे जिथे जिथे 'साहेब' येतील तिथे नेमके कोणते ते विचारू नका. फरक पडत नाही.

*

बोरसे मुलगी बघायला साक्रीला गेला होता. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "काय काम करता?"

"ढग बघतो."

ते बाहेर ओट्यावर खाटेवर पडलेल्या त्यांच्या म्हाताऱ्या वडिलांकडे बोट करून म्हणाले, "आमचे आबाही दिवसभर तेच करतात. त्यांना कुठे कोणी पगार देतं?"

लग्न जमलं नाही. बोरसे म्हणतो, "वाईट याचं वाटतं की ताई, त्या आबांचं कोणी ऐकत तरी असेल!"

*

एकदा केंद्र बघायला एक मोठे पुढारी आले. पुढारी, त्यांचे दहा-बारा लोक आणि मागे पेपरवाले. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर तापीकाठचं चित्र लावलं होतं. रावेर, यावल, मुक्ताईनगर, सगळा पट्टा लालभडक.

"हे लाल काय आहे?" पुढाऱ्यांनी विचारलं.

"केळी आहे साहेब," भंगाळे सर मोठ्या अभिमानाने म्हणाले. लाल म्हणजे हिरवं, ते कसं, वगैरे सगळं समजावलं. पुढाऱ्यांनी मान डोलावली.

संध्याकाळी सभेत त्यांनी सांगितलं, "मी आत्ताच उपग्रहातून पाहून आलो. तापीकाठची सगळी केळी लाल पडलेली आहे! या संकटात मी तुमच्या पाठीशी उभा आहे!"

दुसऱ्या दिवशी पेपरात तेच. आमचा फोन थांबेना. कोणी विचारतंय रोगाचं नाव काय, कोणी विचारतंय फवारायचं काय. भंगाळे सर प्रत्येकाला सांगतायत, अहो, बाग उत्तम आहे, लाल म्हणजे हिरवं. पलीकडून, "सर, तुम्ही आता सारवासारव करू नका!"

आणि व्यापाऱ्यांनी भाव पाडला. त्यातला एक जण भंगाळे सरांच्या ओळखीचा. सर तावातावाने त्याच्याकडे गेले. म्हणाले, "अरे, तू रोज बागेत जातोस. केळी हिरवी आहे हे तुला दिसत नाही?"

तो शांतपणे म्हणाला, "दिसतंय ना. डोळे आहेत मला. पण पेपरात लाल आहे!"

*

टीव्हीवाल्यांची तऱ्हा याच्या उलट. त्यांना लाल कमी पडतं!

एका दुपारी एका चॅनेलच्या माणसाचा मला फोन. "मॅडम, तुम्ही पाठवलेला ढग फार फिक्का आहे हो. थोडा लाल वाढवा ना."

मी म्हटलं, "तो रंग मी भरलेला नाही. ढगाच्या माथ्याचं तापमान आहे ते. जितकं कमी तितकं लाल."

"बरं, मग तापमान कमी करा!"

मी फोन ठेवला. त्याने ढग त्याच्या कॉम्प्युटरवर रंगवला. संध्याकाळी धुळे जिल्ह्यावर रक्तासारखा गोळा फिरतोय, खाली नगारे वाजतायत आणि निवेदक ओरडतोय! लोकांनी बाजार आवरले, शाळा सोडल्या. पाऊस तर सोडाच, साधा वाराही आला नाही. शिव्या आम्हाला.

पुढच्याच आठवड्यात खरा ढग उठला. साक्रीच्या डोंगराकडून धुळ्याकडे सरकत होता आणि मिनिटामिनिटाला त्याचा माथा गार होत होता. बोरसेच्या मामेबहिणीचं लग्न त्याच दिवशी, ढगाच्याच वाटेवरच्या गावात. बोरसेने मामांना फोन लावला. आवाज फुटेपर्यंत ओरडला, "मामा, माणसं मांडवमाईन काढा! शाळामा लगीन लावा!"

फोन स्पीकरवर होता, आम्हीही ऐकत होतो. मामा हसले. म्हणाले, "मांगला आठवडाले बी टीव्हीमा लालच व्हतं भाऊ. काय व्हयनं?"

तासाभरात मांडव उडाला. लोखंडी खांब मुलीच्या चुलत्याच्या पायावर पडला. ते अजून काठी घेऊन चालतात.

त्या चॅनेलच्या माणसाचा मला दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "मॅडम, कालचा ढग मिळेल का? आता त्याची खरी गरज आहे."

*

इशारा द्यायचा असला की आमच्याकडे पद्धत आहे. आम्ही चित्र वाचायचं, मजकूर लिहायचा, साहेबांनी पास करायचा, मग तो शेतकऱ्यांच्या मोबाइलवर जायचा. पद्धत चांगली आहे. ढगाला ती माहीत नाही, एवढीच अडचण.

गहू काढणीला आला होता. सातपुड्यावर एक छोटा ठिपका दिसला. पुढच्या चित्रात तो दुप्पट. त्याच्या पुढच्यात मध्यभागी गडद डाग, म्हणजे माथा फारच उंच गेलेला. भंगाळे सर खुर्चीतून उठलेच. "गारा आहेत. चोपड्याकडे उतरणार."

मी मजकूर लिहून केबिनकडे पळाले. साहेब मीटिंगमध्ये. बाहेरून खुणा केल्या. त्यांनी आतून हाताने 'थांबा' केलं. चिठ्ठी आत पाठवली. त्यांनी ती वाचली, उलटी करून ठेवली. त्यावर कोणीतरी बिस्किटाची बशी ठेवली. काचेतून मला सगळं दिसत होतं!

मीटिंग संपली. साहेब बाहेर आले, मजकूर वाचला, 'जोरदार' खोडून 'मध्यम ते जोरदार' केलं आणि पास केला. मी म्हटलं, "सर, आत्तापर्यंत पडल्या असतील."

"पडल्या असतील तर नुकसान टळेल ना पुढचं," साहेब म्हणाले. मला अजून त्याचा अर्थ लागलेला नाही.

मेसेज गेला. 'येत्या काही तासांत आपल्या भागात गारपिटीची शक्यता. कापलेला गहू सुरक्षित जागी हलवावा.'

थोड्या वेळाने एका शेतकऱ्याचं उत्तर आलं. फोटो होता. भुईसपाट गव्हात ठेवलेलं घमेलं, घमेल्यात काठोकाठ गारा. खाली एकच शब्द लिहिला होता:

'पोचली.'

*

चित्र वाचून झालं की प्रत्यक्ष जागेवर जाऊन खातरजमा करायची असते. बोरसे एका साली पारोळ्याकडे कपाशी बघायला गेला. चित्रात तो सगळा पट्टा लालबुंद, म्हणजे पीक जोमात. शेतात जाऊन बघतो तर खरंच जोमात! कमरेच्या वर झाडं, गर्द हिरवी पानं. शेतमालक नाना त्याच्या पुढे चालत होते. मध्यावर थांबले, एक बोंड तोडलं, नखाने उकललं आणि त्याच्या हातावर ठेवलं. आत गुलाबी अळी. दुसरं तोडलं. तेच. तिसरं बोरसेने स्वतः तोडलं.

परत येऊन त्याने रिपोर्टात स्पष्ट लिहिलं, झाडं हिरवी आहेत पण बोंडं गेली आहेत. साहेबांनी बोलावलं.

"बोरसे, चित्रात अळी दिसते का?"

"नाही सर. ती बोंडाच्या आत असते."

"चित्रात नाही, मग रिपोर्टात कुठून आली?"

ते वाक्य गळालं. रिपोर्ट गेला, 'पीक उत्तम.' पुढे तो कुठे कुठे वापरला गेला आम्हाला माहीत नाही. नानांना मात्र कळलं असणार. एक दिवस बोरसेला त्यांचा फोन आला. आवाजात राग नव्हता, म्हणून तर बोरसेला जास्त लागलं.

"भाऊ, तुमना रिपोर्टमा मना कापूस एकदम झकास शे म्हने. मंग तोच माले दी द्या ना!"

*

धुळे जिल्ह्यात एका उन्हाळ्यात आम्हाला एक नवा तलाव सापडला!

झालं असं की साठलेलं पाणी चित्रात काळं दिसतं. कॉम्प्युटरला तसं शिकवलेलं असतं. काळं दिसलं की पाणी धरायचं. त्याने माळरानावर एक चौकोनी काळा तुकडा धरला आणि पाण्याच्या नकाशात टाकला. भंगाळे सरांनी तो तुकडा बघितला आणि म्हणाले, "असा काटेकोर चौकोनी तलाव असतो का कुठे? हे सोलरचे पॅनल आहेत." नकाशासोबतच्या पत्रात त्यांनी तसं लिहिलं. पत्र एकीकडे राहिलं, नकाशा पुढे गेला. पत्र कोण वाचतं, नकाशा रंगीत असतो!

त्या तुकड्याला लागून एक गाव. गावाला टँकर चालू होता. वरून कोणीतरी नकाशा बघितला. गावाशेजारी एवढा मोठा जलसाठा, मग टँकर कशाला? बंद!

गावच्या सरपंच, साठीच्या बाई, विचारत विचारत आमच्या ऑफिसपर्यंत आल्या. सोबत आठ-दहा बायका. भंगाळे सर उठून उभे राहिले. त्यांना वाटलं आता ओरडा बसणार. पण सरपंचबाईंनी आधी पाणी मागितलं. सगळ्या जणी घटाघटा प्यायल्या. मग सरपंचबाई म्हणाल्या:

"साहेब, तुमना तलाव दखाले गवूत आम्ही बठ्ठ्याजनी. रखवालदार आत सोडे ना, तरी घुसनूत. बादली टाकी."

"मग?"

"काच वाजनी!"

बायका हसल्या. आम्हीही हसलो. टँकर चालू करायचं पत्र भंगाळे सरांनी तिथल्या तिथे लिहून दिलं. त्या पत्रावर वरून उत्तर आलं तेव्हा पाऊस सुरू झाला होता. उत्तरात लिहिलं होतं, 'सदर तलावातील पाण्याची गुणवत्ता तपासून अहवाल द्यावा.'

*

उन्हाचाही नकाशा असतो. जमीन किती तापली ते त्यात दिसतं. मे महिन्यात आमचा भाग इतका तापतो की लालच्या पुढे रंगच उरत नाही. भुसावळपासून पुढे सगळं काळं. एका साहेबांना वरून विचारणा झाली, आपलाच जिल्हा असा का दिसतो? त्यांनी भंगाळे सरांना बोलावलं. "रंगांची पट्टी जरा वर सरकवा. सगळं केशरीत बसवा."

"सर, पट्टी सरकवली म्हणून ऊन कमी होणार नाही."

"ऊन मी कुठे कमी करायला सांगतोय?"

जिल्हा केशरी झाला. त्या आठवड्यात रस्त्याच्या कामावर एक बाई भरदुपारी कोसळली. मुकादमाला विचारलं, दुपारचं काम बंद का नाही ठेवलं? त्याने खिशातून मोबाइल काढला आणि आमचाच नकाशा दाखवला. "केशरी होतं ना. लाल असतं तर बसवलं असतं झाडाखाली."

ती बाई दवाखान्यातून घरी आली नाही. हा किस्सा आम्ही ऑफिसात एकमेकांना सांगत नाही. इथे सांगितला.

*

आता शेवटचा. हा भंगाळे सरांच्या घरचा आहे.

घरी त्यांचे मोठे भाऊ सुधाकरभाऊ बाग बघतात, आणि त्यांच्या आई. आईंना सगळं गाव अक्का म्हणतं, म्हणून आम्हीही. त्यांच्याकडे 'ळ' चा 'य' होतो, केळीला केयी म्हणतात. सर ऑफिसात शुद्ध बोलतात, पण घरून फोन आला की खोलीभर 'केयी, केयी' चालू!

त्या साली मृगाच्या आधी वादळ आलं. ढग सरांनीच चित्रात पहिल्यांदा बघितला. आता मेसेज लवकर पास होत होते. तो जायच्या आधी सरांनी घरी फोन केला. "गुरं सोडा, पत्र्याखाली कोणी थांबू नका, शेतातून निघा."

सुधाकरभाऊ म्हणाले, "निघतो. पण केयी कुठे नेऊ?"

माणसं वाचली, गुरं वाचली. केळी आडवी झाली. घड भरलेले होते, काढणीला आलेले. त्या गावात एक बाग उभी राहिली नाही.

काही दिवसांनी जमिनीचं चित्र आलं. त्या वर्षी नवा नियम होता. आधी चित्र बघायचं, चित्रात नुकसान दिसेल तिथेच पंचनाम्याला माणूस जायचा. सरांनी स्वतःचं गाव उघडलं. लाल! केळीचं झाड पडलं तरी लगेच सुकत नाही. खोडात पाणी असतं, पानं कितीतरी दिवस हिरवी राहतात. वरून बघणाऱ्याला उभी केळी आणि झोपलेली केळी सारखीच.

सर साहेबांकडे गेले. मीही मागे गेले. सर म्हणाले, "सर, हे लाल खरं नाही. बाग आडवी आहे."

"हिरवी आहे ना?"

"हिरवी आहे. पण मेलेली आहे."

"हिरवी म्हणजे जिवंत, हे तुम्हीच आम्हाला शिकवलं," साहेब म्हणाले. "आणि भंगाळे, तुमची स्वतःची बाग आहे. या विषयावर तुम्ही बोलू नये."

मी म्हटलं, "सर, मी बोलते. माझी बाग नाही."

"तुम्ही त्यांच्या शेजारी बसता," साहेब म्हणाले.

म्हणजे आता एकच रस्ता उरला. झाडं सुकायची वाट बघायची. सुकली की रंग उतरेल, पुढच्या चित्रात दिसेल, मग माणूस येईल. तोवर बाग जशी पडली तशी ठेवायची. सुधाकरभाऊंनी शेत साफ केलं नाही, नवी लागवड केली नाही. चिखलात घड कुजू लागले. रोज त्या वासात उठायचं, रोज त्याच्याकडे बघायचं. लागवडीचे दिवस निघून चालले होते.

आणि केळीचं एक असतं. आई पडली तरी बुंध्यातून पिलं उठतात. पहिल्या पावसाबरोबर त्या पडलेल्या बागेत सगळीकडे कोंब वर आले. सर एकदा फोनवर भावाला सहज म्हणाले, "पिलं अशीच वाढली तर परत लाल दिसेल." तिकडे फोन स्पीकरवर असावा.

रविवारी मी आणि बोरसे सरांबरोबर त्यांच्या गावी गेलो. काही करायला नाही, नुसतंच. सुधाकरभाऊ बांधावर बसले होते, शेताकडे पाठ करून. आम्हाला बघून उठले नाहीत, नुसती मान हलवली.

आत बागेत अक्का होत्या. नऊवारीचा काचा मारलेला, हातात विळा. वाकून एकेक पिलू बुंध्यापासून कापत चालल्या होत्या. सर सांगायचे, लहानपणी पिलावर पाय पडला तर अक्का आम्हाला पाठीत धपाटा घालायची, म्हणायची लेकरू आहे ते.

सर पळत गेले. त्यांनी विळा धरला. "अक्का, काय करतेस तू?"

"सोड."

"अक्का, हे राहू दे. यातूनच बाग परत उभी राहील."

"ते मले नको सांगू," अक्का म्हणाल्या. "त्या चित्राले मेलेलंच पाह्यजे ना? मंग मेलेलंच दाखवते."

त्यांनी विळा सोडवून घेतला आणि पुढचं पिलू कापलं. चिकाने त्यांचा पदर काळा पडला होता. बोरसे, जो कुठेही गप्प बसत नाही, तो बांधावर जाऊन सुधाकरभाऊंच्या शेजारी बसला. सर आईच्या बाजूच्या ओळीत वाकले आणि हाताने पिलं उपटायला लागले.

चित्र कोणत्या दिवशी येणार ते आम्हाला ठाऊक होतं. त्या दिवशी तिघंही लवकर आलो. बोरसेने फाइल उघडली. रावेर, यावल, मुक्ताईनगर. सगळं पांढरं. मान्सून पोचला होता, आख्ख्या पट्ट्यावर ढग. शेत नाही, गाव नाही, तापीसुद्धा नाही. सरांनी चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. पांढरंच.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो उचलला आणि स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. अक्कांचा आवाज खोलीभर आला.

"मुरली, दिसलं का रे?"

सर म्हणाले, "ढग आहेत अक्का. आज काहीच दिसत नाही."

अक्कांनी विचारलं,

"पान्याचे हायेत का रे?"